शेवट कोण कापतंय?

या रे या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर डुलकी लागेल, आणि गोष्ट डुलकीचीच असली तरी ती जागं राहून ऐकायची आहे. उकाड्यानं तुमचा जीव मेटाकुटीला आलाय, ठाऊक आहे. पण कीर्तनात टाळ वाजला की दमलेला माणूससुद्धा पाठ ताठ करतोच ना? तसे बसा. पनवेलच्या चार पोरांची गोष्ट सांगतो. जो शेवटपर्यंत बसेल त्याला प्रसाद. जो आधी उठेल त्याचं काय होतं, ते गोष्टच सांगेल.

"माझं नाव कुठाय?"

आर्यन खुर्चीवर उभा राहून ओरडला आणि मागच्या रांगेतल्या आजोबांनी त्याला शर्टाला धरून खाली बसवलं.

पनवेलच्या तळ्याकाठी एका शाळेच्या सभागृहात दर मे महिन्यात लघुपट महोत्सव भरतो. दोन दिवस, खच्चून फिल्म. यंदा पंखे नुसतेच कण्हत होते, वारा काही देत नव्हते. आर्यनच्या मामेभावाची फिल्म आत्ताच संपली होती. नव्हे, संपली कुठे? शेवटचं दृश्य झालं, काळ्या पडद्यावर पहिलं नाव उमटलं न उमटलं, तोच फट्‌कन दुसरी फिल्म सुरू!

"अख्ख्या सोसायटीला सांगितलंय मी, शेवटी नाव येतं म्हणून!" आर्यन रडकुंडीला आला. "'कावळ्याचा आवाज : आर्यन.' एवढंच होतं. तेही नाही!"

"कावळा होता फिल्ममध्ये?" सत्यजीतनं विचारलं. "मला वाटलं दार करकरतंय."

"गप रे!"

ही चौघं रोडपालीतल्या एकाच इमारतीतली. सत्यजीत सगळ्यांत मोठा आणि स्वतःला संगणकतज्ज्ञ समजणारा, आर्यन सगळ्यांत लहान, कोमल अबोल, आणि अनुया. अनुयाला एक खोड होती. एखादी गोष्ट खटकली की ती तिला सोडत नसे, चपलेत गेलेल्या खड्यासारखी.

"गंमत अशी," ती हळूच म्हणाली, "की आधीच्या फिल्मलाही नावं आली नाहीत. थांबा, पुढची बघू."

पुढचीही तशीच कापली गेली. तिच्या पुढचीही. लोकांच्या लक्षातही येत नव्हतं. नावं यायच्या आत निम्मी माणसं वडापावकडे पळत होती.

"व्हायरस!" सत्यजीतनं निदान केलं.

"कट!" आर्यन म्हणाला. "माझ्याविरुद्ध मोठा कट आहे हा!"

कोमल मात्र पांढरीफटक पडली होती. "अनू," ती म्हणाली, "मग उद्या आज्याचं काय?"

अनुया झटकन तिच्याकडे वळली.

कारण उद्याची शेवटची फिल्म या चौघांची होती. दिवाळीच्या सुट्टीत ती चौघं उरणला कोमलच्या आजोळघरी जाऊन आली होती आणि तिथे कोमलच्या आज्यावर, आनंदा कोळ्यावर, त्यांनी फिल्म केली होती. आनंदाबाबा दिवसा जाळी विणायचे आणि संध्याकाळी देवळात भजनाला टाळ धरायचे. चित्रण संपलं तेव्हा ते म्हणाले होते, "पोरांनो, मना माज्या किस्नीला काय तरी सांगायचं हाय. त्ये सगल्यांची नावं झाल्यावर टाका. आरती झाल्यावर परसाद असतो ना, तसा. आनि तिला मोबाईलवर दावू नका. मोठ्या पडद्यावर, चार लोकांत आयकूं दे."

पौषात आनंदाबाबा गेले. त्यांच्या किस्नीनं, म्हणजे कोमलच्या आजीनं, कृष्णाबाईंनी, ते बोलणं अजून ऐकलेलं नव्हतं. उद्या त्या उरणहून मुद्दाम येणार होत्या. आणि आनंदाबाबांचे शब्द होते नावांच्या नंतर!

"चला," अनुया उठली. "शेवट कोण कापतंय ते शोधायचं."

आधी चौघं महोत्सवाचे प्रमुख असलेल्या अविनाशकाकांकडे गेली. काका दारात नारळांचं पोतं मोकळं करत होते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला शाल, नारळ आणि भाषणाला माईक, असा त्यांचा शिरस्ता होता. कपाळावरून घाम निथळत होता.

"कापतंय? छे! मी असं कुणालाही सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "वेळेत आटपा, एवढंच सांगितलंय. बाजूला हो बेटा, पाहुणे आले... या, या उदयसिंहराव! दोन शब्द बोलायचे हं!"

उदयसिंहराव दोन शब्द म्हणून उभे राहिले आणि दोन फिल्म बसतील एवढं बोलले.

"कळलं?" सत्यजीत पुटपुटला. "वेळ इथे मुरतोय."

चौघं पाठच्या अरुंद जिन्यानं वर गेली. वर एक कोंदट खोली होती. तिथूनच पडद्यावर प्रकाशाचा झोत जाई, दिव्यांची बटणंही तिथेच. दार लोटलेलं होतं. अनुयानं फटीतून पाहिलं. आत लॅपटॉपसमोर गुरुदत्तकाका बसले होते. तळोज्याच्या कारखान्यात कामाला असलेले, दर वर्षी हौसेनं महोत्सवाला राबणारे. त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते. पडद्यावर पहिलं नाव आलं, आणि त्यांचं बोट आपसूक उचललं गेलं. टक्‌! पुढची फिल्म.

"चोर!" आर्यन दार ढकलून आत घुसला. "नावचोर!"

गुरुदत्तकाका दचकले, मग कसनुसे हसले. "अरे, तू होय? कावळा! छान ओरडलास रे."

आर्यनचा राग तिथेच विरघळला. "तुम्हाला कळलं तो मी होतो?"

"काका, पण नावं का कापता?" अनुयानं विचारलं.

काकांनी डोळे चोळले. "काय करू पोरी? माझी सध्या रात्रपाळी आहे. सकाळी सुटलो की इकडे, इथून थेट कंपनीची बस. बस चुकली तर खाडा. भाषणं लांबतात, फिल्म तेवढ्याच. कुठेतरी कात्री लावायलाच हवी. म्हटलं, नावं कोण वाचतं?"

अनुयानं त्यांना आनंदाबाबांची सगळी हकीकत सांगितली. काकांनी लॅपटॉपवरचं बोट मागे घेतलं.

"नाही कापणार," ते म्हणाले. "शब्द देतो. बघ, ही आत्ताचीसुद्धा नाही कापत."

चौघं श्वास रोखून उभी राहिली. फिल्म संपत आली. काकांची मान हळूहळू छातीवर आली. पडद्यावर पहिलं नाव उमटलं, आणि बोट... टक्‌!

"अरे देवा," काका ओशाळून म्हणाले. "हातच ऐकत नाही बघ."

 खाली येऊन चौघं पायरीवर बसली. दिवसभराच्या घामानं कपडे अंगाला चिकटले होते.

"लॅपटॉप मी चालवतो," सत्यजीत म्हणाला.

"मागच्या वर्षी तू अख्ख्या शाळेचा प्रिंटर बंद पाडलास. अविनाशकाका तुला वर फिरकू देतील?" अनुयानं विचारलं.

"मग काकांना ढोसत राहू. चिमटे काढू!" आर्यननं सुचवलं.

"नको रे," कोमल म्हणाली. "किती दमलेत ते. माझा आजा असता तर म्हणाला असता, त्यांना आधी निजू द्या."

अनुया ताडकन उठली. "कोमल! तेच करायचं!"

"काय?"

"त्यांना जागं ठेवायचं नाही, झोपवायचं! फिल्म ओळीनं लावलेल्या आहेत, एक संपली की दुसरी आपोआप सुरू होते. बोटच झोपलं तर कापणार कोण?"

"आणि त्यांची बस?" सत्यजीतनं विचारलं. "उशीर झाला तर खाडा त्यांचा."

अनुयानं दाराकडे पाहिलं. अविनाशकाका एक नारळ, देवाला शेंदूर लावावा तसा, प्रेमानं पुसत होते.

"नारळ नसले तर सत्कार नाहीत," ती सावकाश म्हणाली, "आणि सत्कार नसले तर भाषणं नाहीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी कृष्णाबाई आल्या. पहाटे धक्क्यावर, मग बाजारात, आणि मासळी संपल्यावर तशाच एसटीनं इथे. डोक्यावर रिकामी पाटी, पायांवर धूळ. पहिल्या रांगेत टेकल्या आणि त्यांनी पाटी पायाशी ठेवली.

"आजी, पाटी मी ठेवते नीट," कोमल म्हणाली आणि पाटी घेऊन पडद्यामागे गेली. परत आली ती सत्यजीतच्या मदतीनं, कुंथत. पाटीवर फडका घट्ट बांधलेला.

वर खोलीत अनुयानं गुरुदत्तकाकांसाठी हात टेकायची खुर्ची आणि पाठीला उशी आणली होती. आर्यननं ताकाचा तांब्या पुढे केला आणि पुठ्ठ्यानं वारा घालायला लागला.

"आज एवढी सेवा?" काका हसले.

"कावळ्याकडून," आर्यन म्हणाला.

ताक संपलं आणि काकांचा घोरण्याचा स्वर लागला. अनुयानं आर्यनला खाली पिटाळलं. खाली अविनाशकाकांची धावपळ उडाली होती. "अरे नारळ कुठे गेले? कालपर्यंत अर्धं पोतं होतं!" उदयसिंहराव माईकजवळ जाऊन उभे राहिले, पण नारळाशिवाय बोलायचं कसं ते त्यांना सुचेना. शेवटी ते खाली बसले. फिल्म सुरू झाल्या. एकामागून एक, आपापल्या नावांसकट!

शेवटी आनंदाबाबांची फिल्म लागली. जाळं, खाडी, देऊळ, टाळ. अनुया झरोक्यातून पाहत होती. पहिल्या रांगेत कृष्णाबाईंचं डोकं दिसत होतं. ते हळूहळू एका बाजूला कलत होतं. त्यांनाही झोप येत होती!

नावं सुरू झाली. खुर्च्या वाजल्या, माणसं उठायला लागली.

"लाइट! अहो, लाइट लावा!" कुणीतरी ओरडलं.

दिव्यांचं बटण अनुयाच्या हाताशी होतं. तिनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले. अंधारात पाय कुठे टाकावा ते कळेना, म्हणून लोक चरफडत पुन्हा बसले. जिन्यावर पावलं धडधडली. "गुरुदत्त! काय चाललंय?" अविनाशकाका वर येत होते. दाराबाहेर सत्यजीत हात पसरून उभा होता. "काका, एक मिनिट! फक्त एक..."

तेवढ्यात काळ्या पडद्यावर उजेड झाला. ओट्यावर बसलेले आनंदाबाबा, गळ्यात टाळ.

"किस्ने, आयक. जलमभर तू मना बोललीस, शेवटचा अभंग घाईत उरकतो, देवाला फशवतो. गाव पन हसायचा. मी गप ऱ्हायलो. आज सांगतो. तू मासली इकून दमून यायचीस, वट्यावर बसायचीस. आरतीबिगर उठायची नाय, तुजा नेम. आनि तुजी मान पडायची. मना समोरून दिसायचं ना! मग मी टाळ जोरान हानायचो. लवकर आटपलं का तू घरी जाऊन आडवी व्हशील. देवाचं काय, त्यो जागाच हाय. तुला पाटे उठायचं व्हतं."

ते थोडं थांबले, हसले.

"आज घाई नाय. आज तू बस, मी नीट म्हनतो."

आणि त्यांनी तोच अभंग म्हटला. सावकाश, एकेक शब्द जपून, ओंजळीतलं पाणी सांडू नये तसा.

"आरं लबाडा!" अंधारातून कृष्णाबाईंचा आवाज आला, रडका की हसरा ते कळेना. "येकदा तरी बोलायचं व्हतं ना रे!"

 मागे कुणीतरी हलक्या हातानं टाळी धरली, मग दुसऱ्यानं, आणि अभंग संपेपर्यंत सगळं सभागृह ताल धरून बसलं. जिन्यावर अविनाशकाका कठड्याला धरून उभे होते. त्यांनी दारातून आत पाहिलं. खुर्चीत गुरुदत्तकाका तान्ह्या मुलासारखे झोपले होते.

"दोन रात्री जागे आहेत ते," अनुया म्हणाली. "रागवायचं तर आम्हाला रागवा."

"रागावू कुणाला?" अविनाशकाका हळू आवाजात म्हणाले. "चार जणांचं काम एकट्यावर टाकून मी नारळ पुसत बसलो. साधं विचारलंसुद्धा नाही, बाबा रे, झोपलास कधी?"

गुरुदत्तकाका धडपडून उठले. "बस! माझी बस!"

"बस काय घेऊन बसलात? माझ्या गाडीतून सोडतो," मागून उदयसिंहराव म्हणाले. "बोलायचं तर आज राहूनच गेलं, वाटेत बोलू!"

"नको साहेब," गुरुदत्तकाका घाईनं म्हणाले, "अजून वेळ आहे. बसमध्ये झोपता येतं!"

सगळे हसले. खाली कृष्णाबाई पाटी उचलायला वाकल्या होत्या. "ये बाय, रिकामी पाटी येवढी जड कशी झाली गो?" फडका सुटला आणि नारळ सभागृहभर गडगडले. एकेकाला बोंबलांचा वास! खाली आलेल्या अविनाशकाकांनी त्यातलाच एक उचलला, नाक मुरडलं, आणि वाकून कृष्णाबाईंच्या हातात दिला. मग माईक घेऊन म्हणाले, "या चार पोरांनी मला आज वेळ कशाला द्यायचा ते शिकवलं. शाबास रे! आता कुणी उठू नका. काल कापलेली सगळी नावं पुन्हा दाखवतो."

नावं सरकत गेली. 'कावळ्याचा आवाज : आर्यन.' आर्यन खुर्चीवर चढला आणि जीव तोडून कावकावला.

"आता कळलं," सत्यजीत म्हणाला. "दारच करकरत होतं."

अनुयाला हसायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं. शेजारी कोमल आजीच्या खांद्यावर डोकं ठेवून पेंगत होती, आणि आजी टक्क जागी होती.

झाली गोष्ट. बसलात शेवटपर्यंत, पांडुरंग तुमचं भलं करो. आता एवढंच मागणं आहे. आज रात्री अंथरुणाला पाठ टेकाल तेव्हा तळोज्याच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून निघालेल्या गुरुदत्तकाकांची आठवण काढा. त्या दोन दिवसांत सगळ्यांची नावं पडद्यावर आली, त्यांचं तेवढं कुठल्याच फिल्मच्या शेवटी नव्हतं.