निवळीत पाणी किती

रागावलेल्या माणसाची साक्ष कोर्ट आता ऐकत नाही. मनगटावरची पट्टी लाल झाली की साक्षीदार बाहेर. धोंडीराम मगदूम दोनदा बाहेर गेला होता.

तो डेअरीत बॉयलर सांभाळायचा. झडप बिघडलीय, असं मालकाला तीनदा सांगितलं होतं. मालकाने बॉयलर चालूच ठेवायला लावला. फुटला, तेव्हा पलीकडच्या खोलीत धोंडीरामची मुलगी वैजू लोणी तोलत होती.

दावा त्याचाच. साक्षीदारही तोच. तिसऱ्यांदा पट्टी लाल झाली की दावा खलास.

म्हणून निवळी. गढूळ पाणी निवळवणाऱ्या बीवरून नाव ठेवलेलं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा बारकासा तुकडा. मेंदूतल्या पेशींना रागाचा निरोप ज्या दारांतून पोचतो, त्यातली काही दारं निवळी दिवसभर लोटून ठेवते. जास्त झाली, तर पेशी ती दारं आतून बुजवून टाकतात. कायमची.

बाटलीवरची चिठ्ठी, सगळीच्या सगळी:

*पावडरीत पाणी घालून मिसळा. रोज दहा रेघा टोचा.*

"किती पाणी घातलंत?" निवळी लिहून देणाऱ्या डॉ. शेवडे बाईंनी महिन्याने विचारलं.

"एक मिली," धोंडीरामची बायको हिराक्का म्हणाली. "घट्ट. चाळीस वर्षं दूध घातलंय गावाला. पाणी वाढवणाऱ्यांच्या किटल्या रस्त्यावर ओतल्यात मी!"

"अहो, हे दूध नाही! पावडर पाच मिलिग्रॅम. सिरिंजच्या शंभर रेघा म्हणजे एक मिली; दोन मिलीत विरघळली तर दहा रेघांत पाव मिलिग्रॅम येते. एक मिलीत विरघळली तर त्याच दहा रेघांत अर्धा. महिनाभर दुप्पट दिलंत तुम्ही!"

"दोन कुठं लिहिलंय? दाखवा!"

लिहिलेलं नव्हतं. कंपनीच्या बाटल्या दोन मापांच्या, चिठ्ठी एकच.

"आणि तुम्ही काय म्हणालात? 'बाकीचं चिठ्ठीवर आहे.' घड्याळाकडं बघत म्हणालात!"

बाईंनी घड्याळाचा हात पदराखाली घेतला.

"कशाला भांडताय?" धोंडीराम हसून म्हणाला. "चहा घेऊ."

"वैजूचं नाव घ्या," हिराक्का ओरडली. "घ्या नाव!"

"वैजू. बॉयलर फुटला, ती गेली. मालकानं झडप बदलली नाही." बाजारात आज गवार नव्हती, असं सांगावं तसा आवाज.

"परत येईल ना यांचा राग?"

बाईंनी मान हलवली. नाही.

कोर्टात पट्टी हिरवीगार. त्याने सगळं सांगितलं, तारखांसकट. एक शब्द खोटा नाही.

"मग मागणी काय तुमची?" न्यायाधीशांनी विचारलं.

"काही नाही, साहेब. झालं ते झालं. मागं घेतो दावा."

शांत माणसाचा शब्द. जसाच्या तसा लिहून घेतला.

बाहेर व्हरांड्यात मालकाचा वकील हिराक्काजवळ आला. बॉयलरने आणखी चार घरची माणसं नेली होती. त्यांचे दावे उभे होते. ती घरंही, हिराक्कासारखीच, कोर्टाच्या फाटकाजवळच्या दुकानातून निवळी घेत.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "पाणी नेमकं किती घातलं होतंत?"

हिराक्काने चप्पल काढली. कोर्टात शिरताना सगळ्यांनाच बांधतात ती पट्टी तिच्या मनगटावर लाल झाली. शिपाई धावत आला, हातात निवळी भरलेली सुई.

"अक्का, शांत व्हा. हात पुढं करा."

"पाणी किती घातलंय यात?"

"चिठ्ठीप्रमाणे," शिपाई म्हणाला.