बरडाच्या वाट्यात वयनी

तव्यावरची भाकर करपली, तरी ती उलथायला मनकर्णाबाईचा हात सराट्याकडे गेला नाही... ओसरीवर पंच बसले होते आणि तिचा दीर शेषराव, ज्याला तिनं पोटच्यासारखा वाढवला, तो अगदी शांत आवाजात सांगत होता, "एका वाट्यात नदीकाठचं काळं वावर, खोंडाची जोडी अन् गाडी. दुसऱ्या वाट्यात मुरमाड बरड, म्हातारे बैल, आटलेली म्हैस अन् वयनी."

आटलेल्या म्हशीच्या पाठोपाठ आपलं नाव ऐकण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये!

त्या सालात वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. साता समुद्रांपलीकडे कुठल्याशा मुलखात भाऊ भावाशी लढत होता, म्हणून तिकडचा कापूस येणं बंद झालं, असं अमरावतीच्या बाजारातून आलेले गाडीवान सांगत. तिकडं भाऊ लढले म्हणून इकडं कापूस महागला, आणि कापूस महागला म्हणून इकडचे भाऊ वेगळे निघू लागले. व्यापार म्हणतात तो यालाच. शेषराव म्हणे, सगळ्या जमिनीत कपाशी पेरू. धाकटा भगवंत म्हणे, थोडी ज्वारी पेरू, वयनीले भाकर लागते. एवढ्यावरून चूल फुटायला आली.

शेषराव तर्काचा पुतळा. शिंक आली तरी आधी कारण शोधायचा, मग शिंकायचा. भगवंत म्हणजे म्हैस आटली तर तिच्या गळ्यात पडून रडणारा.

मनकर्णाबाईचा नवरा, म्हणजे या दोघांचा सर्वांत थोरला भाऊ, गेला तेव्हा हे दीर इवलेसे होते. तिवशाहून तिचा भाऊ नत्थुजी दुसरं घर सांगून आला होता. तू तरणी आहेस, पाट लाव, ही काही तुझ्या पोटची लेकरं नाहीत, असं त्यानं परोपरीनं समजावलं. त्याचा शब्द न् शब्द बिनतोड होता. तिनं सगळं ऐकलं, सगळं पटल्याचंही सांगितलं, आणि त्याला जेवू घालून परत लावून दिलं. भगवंत त्या दिवशी तिला बिलगून रडला. शेषरावानं मात्र उद्या बैलांना कडबा कोण टाकेल एवढंच विचारलं. पण झोपेत तिच्या लुगड्याचा पदर मुठीत घट्ट धरून होता... नेमकं हेच आज तिला आठवलं नाही. दुःखी माणसाची आठवणही त्याच्या दुःखाच्याच बाजूनं साक्ष देते.

वाटे थोरल्यानं पाडायचे आणि आधी धाकट्यानं उचलायचे, अशी रीत. पाडणाऱ्याला लबाडी सुचू नये म्हणून. त्यामुळे पंचांतले वडीलधारे खुशालराव बुचकळ्यात पडले.

"शेषराव, हे वाटे बराबरीचे कसे?"

"दुसऱ्यात वयनी हाये न," शेषराव जमिनीकडे पाहत म्हणाला.

पंचांनी माना डोलावल्या. कापूस वेचायला, सरकी काढायला दोन हात, ते या दिवसांत कुठं मिळतात? मनकर्णाबाईनंही तोच अर्थ घेतला. तिनं चुलीतला जाळ ओढला, दुसरं लुगडं गाठोड्यात बांधलं. आता तिवशाला भावाकडे... ज्या घरासाठी तारुण्य जाळलं, तिथं आपण केवळ दोन हात उरलो!

भगवंताला वाटा उचलायला सांगितलं गेलं. दाराआडून त्याची बायको शकुन सूचक खोकली. नदीकाठच्या वावराच्या भरवशावर तिनं मनातल्या मनात सागवानी बंगई टांगून झोकेही घ्यायला सुरुवात केली होती.

भगवंतानं डोळे पुसले. "मले बरड पायजे."

शकुनचा खोकला बरा झाला.

शेषरावाचा चेहरा मात्र सरकी काढलेल्या कापसासारखा पांढरा पडला. मग पंचांनी जन्मात न पाहिलेलं पाहिलं: थोरला भाऊ धाकट्याला चांगला वाटा घे म्हणून विनवत होता. काळं वावर कसं पिकतं, खोंड कसे तेज आहेत, म्हैस पुन्हा गाभण राहणं कसं कठीण, सारं त्यानं मुद्देसूद मांडलं. म्हशीला नावं ठेवू नको, एवढंच भगवंत म्हणाला.

"येड्या, अक्कल असलेला मानूस काळं वावरच उचलते!"

"तं तुले काहून पायजे बरड?" खुशालरावांनी हळूच विचारलं.

जन्मभर जगाला कारणं पुरवणाऱ्या त्या माणसाजवळ या वेळी एकही कारण नव्हतं. "हा काळं वावर उचलन असं वाटलं... मंग वयनी माह्याकडं राह्यली असती," तो म्हणाला, आणि भर पंचांत ढसाढसा रडला.

गाठोडं काखेत घेऊन मनकर्णाबाई दारात उभी होती. मुठीतला तो पदर तिला आता आठवला... इतक्या वर्षांचं कोंडलेलं वात्सल्य उचंबळून आलं, डोळ्यांना धारा लागल्या, आपण कुणाचं ओझं नव्हतो या जाणिवेनं काळीज भरून आलं; आणि भरून आल्यावर तिला रागही आला.

"दोघंबी मोठे शहाने," ती म्हणाली. "पन मले इचारलं कोनं?"

कुणीच विचारलं नव्हतं. तर्कानंही नाही, मायेनंही नाही.

तिनं गाठोडं दोघांच्या मधोमध ठेवलं. "ज्याले मी पायजे, त्यानं दुसऱ्या भावालेबी घरात ठेवाव. नाई तं तिवसा काही दूर नाई."

यात तर्क किती आणि माया किती, याचा खुशालरावांनी थोडा वेळ विचार केला, नाद सोडला आणि जेवायला काय आहे ते विचारलं. पंचांनी करपलेल्या भाकरी निमूट खाल्ल्या. त्या साली काळ्या वावरात कपाशी पेरली, बरडावर ज्वारी. शकुनची बंगई ओसरीवर लागली.

पुढं तिकडची लढाई थांबली. कापूस कोसळला, अकोल्यापासून अमरावतीपर्यंत लोकांची तोंडं सुतकी झाली. गाडीवानानं दारात गाडी थांबवून ती वाईट बातमी सांगितली, की ते भाऊ भाऊ पुन्हा एक झाले म्हणे.

मनकर्णाबाईचे डोळे भरून आले. "बरं झालं बापा," ती म्हणाली. "कोनाची तरी वयनी मधात पडली असन."

आणि तिनं भाकर वेळेवर उलथली.