श्रावणातली मासळी

"मॅडम, अंडी नाहीत."

एवढंच सांगून बाबुरावांनी फोन ठेवला. काळाचौकीच्या बंद गिरणीचे ते वॉचमन. श्रेयाने हातातला चहा तसाच ठेवला आणि निघाली.

गिरणीच्या मागे जुनं तळं होतं. यंत्रं थांबली, माणसं पांगली, तळ्यात मात्र कमळं पसरली. त्या पानांवर गेल्या आठवड्यात श्रेयाला कमळपक्ष्यांची घरटी सापडली होती. गिरणीच्या जागी टॉवर उठण्याआधी तिथल्या झाडापाखरांचं काय होणार याचा अहवाल लिहिणं, हे तिचं काम. उद्या समिती येणार होती. समितीला घरटी दिसली असती तर तळं राखून टॉवर बाजूला सरकवावा लागला असता. दिसली नाहीत तर तळं बुजणार होतं.

पानं रिकामी होती. काठाच्या ओल्या चिखलात माणसाचं एकही पाऊल नव्हतं.

"रात्री कुणी आलं होतं?"

"कुलूप माझ्याकडे. कोण येणार?"

"साप?"

"साप टरफलं ठेवत नाही, मॅडम. ती बघा."

टरफलं पंपघराच्या पत्र्यावर पडली होती. तांब्याच्या रंगाची, चकचकीत, चोचीने फोडलेली. वर भिंतीवर कावळ्यांची रांग बसली होती. श्रेया पहिल्यांदा आली तेव्हा इथे दोन-तीनच कावळे होते. चोर सापडले होते, पण त्यांना आवतण कुणी दिलं?

उत्तर पत्र्यावरच होतं. बांगड्यांची मुंडकी आणि आतडी, ताजी आणि शिळी, थरावर थर. भिंतीपलीकडे चाळीची मागची गॅलरी होती. फेकलेलं नेमकं इथेच पडत असणार.

चाळीत तिने विचारलं आणि सगळ्यांची बोटं एकाच दाराकडे वळली. चाळ बहुतेक कोकणातल्यांची. श्रावणात मासळीचं नाव काढत नाहीत. या महिन्यात ती शिजते फक्त बुद्धभूषण कांबळ्यांकडे, हे सांगताना लोकांना कोण उत्साह आला होता.

बुद्धभूषण बँकेत नोकरीला होते. सवयीने थकलेल्या माणसासारखं त्यांनी ऐकून घेतलं.

"शिजते आमच्याकडे. चाळीत काही झालं की पहिलं आमचंच दार. तुम्हीही वाजवलंत."

श्रेयाला लाज वाटली. तिने परत जाऊन ती घाण नीट पाहिली. खाल्लेल्या माशाचा एकही काटा त्यात नव्हता. शिजलेलं काही नव्हतंच. एका घरातून एवढी मुंडकी निघत नाहीत. हा माल बाजारातल्या टोपलीतला होता, मुद्दाम उचलून आणलेला.

सोमवार होता. चौकातल्या शंकराच्या देवळात अभिषेक चालला होता. तो करत होता अजित नावाचा तरुण, आणि मंत्र विसरत होता. दरवर्षी करणारे सीतारामकाका, जुने गिरणी कामगार, पायरीखाली उभे होते.

"काका, तुम्ही नाही बसलात?" श्रेयाने विचारलं.

"गुडघे धरलेत. बसवत नाय."

अजितने प्रसाद पुढे केला. काकांनी हात मागे घेतला, कागदावर ठेव म्हणाले.

थोड्या वेळाने, पत्रा नेमका कुठून दिसतो ते बघायला, श्रेया मागच्या गॅलरीत गेली. तिथे तिने पाहिलं ते असं. सीतारामकाका बायकोला, रखमाकाकींना, दोन्ही हातांवर उचलून टोकाच्या सार्वजनिक संडासापाशी नेत होते. वाटेत ते थांबले नाहीत की लंगडले नाहीत.

काकी खाटेवर निजल्यावर श्रेया त्यांच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं.

"काका, गुडघे ठीक आहेत तुमचे. मग पूजा का सोडलीत?"

काकांनी काकींचं पांघरूण सारखं केलं.

"पायरी चढला नाहीत, प्रसाद हातात घेतला नाहीत. श्रावणात मासळीला शिवलेला माणूस असंच करेल. श्रावण पाळणाऱ्यावर कुणी संशय घेणार नाही, म्हणून सगळे कांबळ्यांकडे बघत राहिले. तुमच्या याच गॅलरीतून खाली पत्रा दिसतो. मुंडकी तुम्हीच टाकत होता."

काकांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"त्या हातांनी पिंडीवर पाणी कसं घालू? तेवढं नाय जमलं."

"का केलंत?"

त्यांनी खाटेकडे मान वळवली. टॉवरमध्ये जुन्या गिरणी कामगारांना खोली मिळणार होती, घरात संडास असलेली. टॉवर बांधणाऱ्या कंपनीचा विनीत चाळीत चहाला यायचा. तो म्हणाला होता, पाखरांची अंडी सापडली की काम कायमचं बंद. कावळे असले तर ती टिकत नाहीत, हेही तोच म्हणाला होता. अगदी सहज, बशीत चहा ओतताना.

श्रेयाला ओरडावंसं वाटलं. काकींकडे बघून तिने आवाज खाली ठेवला.

"कायमचं नाही हो, काका. पिल्लं उडेपर्यंत. फार तर दिवाळी. मग तळ्याच्या बाजूला बांधलं असतं, तुमच्या खोलीसकट. मी तेच लिहिणार होते."

खाटेवरून काकींचा आवाज आला.

"इतकी वर्सां थांबलो. दिवाळीपर्यंत थांबाक काय झाला असता?"

काका तसेच कांबळ्यांच्या दाराशी गेले. दारात काय बोलणं झालं ते श्रेयाला ऐकू आलं नाही. दार बंद झालं तेव्हा काका बाहेरच होते.

विनीत गेटवर भेटला, तेव्हा श्रेयाने त्याला मासळीचं विचारलं. तो शांतपणे हसला. "मी चहा प्यायलो, मॅडम. मासळी मी टाकली का?" त्याने काही टाकलं नव्हतं. कुठल्याच कायद्याने गुन्हा ठरणार नाही असं एक वाक्य तेवढं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी समिती आली. श्रेयाने फोटो दाखवले, मासळीचं सांगितलं. ते परिशिष्टात जाईल, समितीचे साहेब म्हणाले. परिशिष्टापर्यंत कुणी वाचत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"आज घरटी आहेत का?"

"नाहीत."

ते लिहून घेतलं गेलं.

तळ्यात एक कमळपक्षी रिकाम्या पानावर उभा होता. या पाखरांत अंड्यांवर नर बसतो. तो पानाला चोच लावायचा आणि पुन्हा उभा राहायचा. मागच्या गॅलरीत सीतारामकाका हातात काठी घेऊन कावळे हाकलत होते. कावळे उडायचे, एक फेरी मारून भिंतीवर परत येऊन बसायचे. रोजची वेळ झाली होती, आणि ते खाण्याची वाट पाहत होते.