चौथा फास

हे खरं घडलंय. जून १९९६, अलास्कातलं एक बर्फाचं पठार. आणि त्यानंतर... सांता क्लाराला, माझ्या घरात.

आधीच सांगते, आम्ही भूतप्रेत मानणारे नाही. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेलं नागपूरचं घर आमचं. मी इंजिनीअर आहे. तरी गेले दोन आठवडे मी माझ्या मुलीला, अनिकाला, एक मिनिट नजरेआड केलेलं नाही.

माझे बाबा गणिताचे मास्तर. रिटायर झाल्यावर आमच्याकडे राहायला आले. तीस वर्षं त्यांचा चौघांचा ग्रुप डोंगर चढायचा. बाबा, पुरुषोत्तम काका, शरयू मावशी आणि सगळ्यात मागे सुभाष काका. एकाच दोराला चौघं बांधलेले, प्रत्येकाच्या कमरेला एक फास. दर पन्नास पावलांवर थांबायचं. मग मागच्याने दोर दोनदा ओढायचा. म्हणजे, मी आहे, चला. मागे वळून बघायचं नाही, असा त्यांचा नियम.

त्या फेब्रुवारीत सुभाष काका प्लेनोला, त्यांच्या घरी, झोपेतच गेले.

बर्फावरचं ते पाच दिवसांचं क्रॉसिंग चौघांनी ठरवलेलं. तिघंच निघाले. तिघांचीही साठी उलटलेली! मी खूप भांडले.

"बाबा, अनिका अजून रांगतेय. तिला आजोबा हवेत."

"ती चालायला लागायच्या आत परत येतो," बाबा म्हणाले.

पहिल्या सकाळी बाबांनी दोर बांधला, तर पुरुषोत्तम काका हसायलाच लागले. "मास्तर, माणसं तीन आणि फास चार? पोरांना काय शिकवलंस रे आयुष्यभर?"

खरंच की. मावशींच्या मागे, वीस फुटांवर, दोराच्या टोकाला एक रिकामा फास. सवयीने बांधला गेलेला.

"सोडतो," बाबा म्हणाले.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "सुभाष, ये रे! तुझी जागा ठेवलीय."

तिघंही हसले.

तिथेच चुकलं.

दोन दिवस नीट गेले. रिकामा फास बर्फावर घासत मागून यायचा. सर्र... सर्र...

तिसऱ्या दुपारी ढग खाली उतरला. वर पांढरं, खाली पांढरं. टाकलेलं पाऊल कुठे पडतंय तेही कळेना.

आणि मावशींच्या लक्षात आलं... मागची सर्र सर्र थांबलीय.

दोर बर्फावर नव्हता. कमरेच्या उंचीवर, ताठ, सरळ मागे त्या पांढऱ्यात गेला होता.

मग झटका आला. मागून.

एक... दोन...

मावशींना रडू फुटलं. "सुभाष?"

...तीन.

सुभाष काकांनी आयुष्यात कधी तीनदा ओढलं नव्हतं.

मग दोर हलेचना. तिघांनी जोर लावला, एक पाऊल पुढे जाता येईना. दोन तास तसेच बसून राहिले. मागे कोणीच वळलं नाही.

ढग उठला, तर बाबांच्या पुढे दहा पावलांवर बर्फ फाटलेला. निळी भेग. तळ दिसत नव्हता.

"सुभाषनेच वाचवलं रे," पुरुषोत्तम काका म्हणाले.

बाबा दोराकडे बघत होते. तो आता मुकाट बर्फावर पडला होता. अडकायला आजूबाजूला काही नाही. पावलांच्या ओळी तीनच.

आणि फास... मोठ्या माणसाच्या कमरेचा बांधलेला, तो आवळून एवढासा झाला होता. गाठ कोणाच्यानेच सुटली नाही.

बाबा सुखरूप आले. दोर गॅरेजमध्ये टांगला. माझा नवरा कुशल म्हणाला, "यार, बर्फात गोठला असेल. दोर आकसतो."

"आणि तीन झटके?"



जुलैत एकदा मी तो फास हातात घेतला. बाहेर नव्वद डिग्री फॅरनहाइट, कडक ऊन. आणि तो... गार. ओला.

मला राहवेना. अनिकाचा फ्रॉक आणून त्यावर धरला.

कमरेला बरोब्बर.

त्याच दिवशी दोर कचऱ्याच्या गाडीत गेला.

ऑगस्टमध्ये अनिका चालायला लागली. तिच्याकडे दोरीने ओढायचं लाकडी बदक होतं. दोन आठवड्यांपूर्वी, भर दुपारी, ती ते ओढत हॉलमधून येत होती. खडखड... खडखड...

आवाज थांबला.

दोरी ताठ झाली होती. अनिका पुढे झुकलेली, बदक जागचं हलत नव्हतं. कार्पेटवर काहीच नव्हतं.

दोरी हलली.

एक... दोन... तीन.

बाबा खुर्चीतून ताडकन उठले. चेहरा पांढराफटक. "पुढे बघ! तिच्या पुढे काय आहे ते बघ!"

मी बघितलं. दार बंद. वायर नाही, पायरी नाही. तिच्या पुढे काहीच नव्हतं.

फक्त मी. हात पसरून बसलेली.

मी तिला उचललं. मागे बघणार, तेवढ्यात बाबांनी माझं डोकं छातीशी धरलं. "नको," एवढंच म्हणाले. त्यांनी काय पाहिलं, ते आजही सांगत नाहीत.

बदक मी टाकून दिलंय. अनिकाच्या हातात आता दोरी नसते.

पण चालता चालता ती मध्येच थांबते. मागे वळत नाही.

नुसती उभी राहते... वाट बघत.