रझियाच्या पत्रातली पावलं

शनिवार पेठेत शमशुद्दीनच्या दुकानावर पाटी नव्हती. ज्याला बूट शिवायचे असतील तो विचारत येईल, आणि ज्याला यायचंच नाही त्याच्यासाठी पाटी कशाला रंगवायची, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाईकाशीही तो तोलूनमापूनच बोले. बूट कधी मिळतील असं विचारलं की "झाले की" म्हणे, आणि फारच घाई करणाऱ्याला तोवर अनवाणी हिंडायचा सल्ला देई. तरी माणसं त्याच्याकडेच येत, कारण चाळीस वर्षांत त्याचा एकही बूट कुणाला चावला नव्हता.

अशा या खडूस माणसाला वर्षातून एकदा लहान मूल होताना साऱ्या गल्लीनं पाहिलं होतं. रमजानच्या तीन-चार महिने आधी लेकीचं पत्र येई तेव्हा.

रझिया त्याची एकुलती एक मुलगी. लग्न झालं आणि अडुसष्ट साली ती नवऱ्याबरोबर इंग्लंडात लेस्टरला गेली. जावई अय्युब तिथं मोज्यांच्या कारखान्यात होता. वर्षभरात गुलजार झाला. नातू झाला हे कळलं, पण तो डोळ्यांनी दिसणार कसा? फोटो यायचे, पण दर फोटोत पोर वेगळंच दिसायचं. शेवटी शमशुद्दीननं आपल्या धंद्याची वाट धरली. पोराला कागदावर उभं कर, पावलाभोवती पेन्सिल फिरव आणि पाठव, ईदचे बूट इथून शिवून येतील, असं त्यानं लेकीला कळवलं.

आता ती निळी एअर लेटरं म्हणजे पत्रही तेच आणि पाकीटही तेच. आत काही घालू नये, असं त्यावर छापलेलंच असतं. तेव्हा रझियानं पत्रावरच पाऊल काढलं. मधोमध गुलजारचं पाऊल आणि त्याला वळसा घालून, अंगठ्याच्या वर, टाचेच्या खाली, तिचं पेठेतल्या शाळेत घोटलेलं मराठी अक्षर. शमशुद्दीन मजकूर वाचायच्या आधी पट्टी लावायचा. "अर्धं बोट वाढला," एवढंच म्हणायचा आणि डोळे पुसायला आत जायचा. त्याची बायको कमरजहां त्या पावलावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची. पोस्टमन संपत हे बघायला मुद्दाम थांबायचा आणि पेठेतलं बाकीचं टपाल खोळंबायचं.

पार्सल पोचेपर्यंत पाय वाढणार, म्हणून शमशुद्दीन वाढीचं माप अंदाजानं धरायचा. ईदला बूट बरोबर बसले, असं पुढच्या पत्रात हमखास यायचं. मग तो आठवडाभर गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, आणि लोक तेवढ्यात आपली कामं उरकून घ्यायचे.

त्र्याहत्तरच्या पत्रात दोन पावलं निघाली.

एक गुलजारचं. दुसरं घडीच्या बाजूला, तळहातावर मावेल एवढं. रझियानं मजकुरात त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, पण तिच्या ओळी त्यालाही वळसा घालून गेल्या होत्या. गुलजारनंतर दोनदा तिचा गर्भ टिकला नव्हता. त्यामुळे सरळ लिहायला पोर भीत असेल, म्हणून असं सुचवतेय, अशी कमरजहांनं समजूत करून घेतली. शमशुद्दीननं त्याच दिवशी उत्तर टाकलं, की धाकट्याचे बूट लाल कातड्याचे करतोय, चालतील ना?

पंधरा दिवसांनी रझियाचं पत्र आलं. "अब्बा, मी एकच पाऊल काढलं होतं. दुसरं कुठलं म्हणताय? आणि तुम्हाला कुणी सांगितलं? मला तर डॉक्टरांनी काल सांगितलं."

कमरजहांनं संपतला पेढे भरवले. शेजारचे घड्याळवाले श्रीनिवास एका पेढ्यावर समाधान मानणारे नव्हते, त्यांनी तीन खाल्ले. "अल्लानं कळवलं," कमरजहां म्हणाली. "पोस्टानं कळवलं," शमशुद्दीन म्हणाला, पण ते पत्र त्यानं इतर पत्रांत ठेवलं नाही. मुलगी झाली. शमशुद्दीनच्या आईचं, सुगराबीचं नाव तिला ठेवलं. सुगरा वर्षाची झाली, उभी राहिली, आणि लाल बूट तिच्या पायात अगदी बेतल्यासारखे बसले. वाढीचं माप त्या जोडात धरलेलंच नव्हतं, हे शमशुद्दीनला ठाऊक होतं. का धरलं नाही, ते त्याला सांगता आलं नसतं.

यानंतर त्याला ध्यासच लागला. एकदा, एकदाच त्या दोघांना मांडीवर घ्यायचं. रझियाला एवढ्या वर्षांत येता आलं नव्हतं, आणि याच्या पासपोर्टाचे कागद कुठल्याशा टेबलावर अडकून पडले होते. तो कुणापाशी कुरकुरला नाही. फक्त कधीमधी कातडं कापायची रापी बाजूला ठेवून नातवंडांचे जुने मापाचे कागद वयाप्रमाणे ओळीनं मांडायचा आणि बघत बसायचा. कमरजहांला ते बघवत नसे.

शहात्तरच्या पत्रात तीन पावलं आली.

गुलजारचं. सुगराचं. आणि तिसरं पत्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चांगलं मोठ्या माणसाचं. मजकुराला जागाच उरली नव्हती. ओळी बिचाऱ्या कडेकडेनं अंग चोरून गेल्या होत्या.

शमशुद्दीननं पट्टी लावली आणि हात थांबला. उजवा पाय. करंगळीच्या जागी रेघ आत वळलेली. तरुणपणी लाकडी साचा पडून त्याची करंगळी अशीच कायमची आत दबली होती. मुंबईपलीकडे तो पाय कधी गेला नव्हता.

"हा माझा पाय आहे," तो म्हणाला.

कमरजहां आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करू लागली. बाळाचा पाय आधी आला आणि मागून बाळ आलं. आता यांचा पाय पोचला, म्हणजे हे पोचणारच. रझियानं कळवलं, की मी पोरांचीच दोन पावलं काढली, तिसरं कुणाचं ते कळत नाही, पण तुम्ही याच. आणि काय चमत्कार, अडकलेला पासपोर्ट महिन्याच्या आत हातात पडला. दोघांची तिकिटं अय्युबनं तिकडून पाठवली. श्रीनिवासांनी उगाचच लेस्टरची वेळ लावून एक घड्याळ आणून दिलं. कमरजहांनं शेवया, चिंच आणि तिखटाचे डबे भरले. शमशुद्दीननं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी बूट शिवले, चांगले बर्फात चालतील असे, आणि शिवताना तो गुणगुणत होता. एका गिऱ्हाइकाला तर त्यानं चहाही पाजला.

निघायच्या दोन दिवस आधी दुपारी कमरजहां ते पत्र घेऊन आली. सामान बांधून झालं होतं आणि तिला थट्टेची लहर आली होती. "अहो, उभे राहा यावर. बघू तरी, तुमचाच आहे का."

तो उभा राहिला. पाऊल रेघेबाहेर आलं. सगळीकडून, सुतासुतानं.

"सुजलेत," ती म्हणाली. "धावपळ काय कमी झाली का?"

शमशुद्दीन खाली बघत राहिला. लांबी तीच होती, करंगळी तीच होती. पाय त्याचाच होता. पण उभ्या माणसाचं पाऊल अंगाच्या भारानं पसरतं. कागदावरच्या पावलावर भार नव्हता.

तो स्टुलावर बसला आणि पाय अलगद टेकवला. अजून कडेची रेघ झाकली जात होती.

"राहू दे ते," तो म्हणाला.

"राहू दे काय? आडवे व्हा जरा, सूज उतरेल."

तो चटईवर उताणा झाला. कागद आजवर एकदाही खोटा ठरला नव्हता. म्हणजे पोरं दिसणार, एवढं पक्कं होतं; आणि तिथून आपल्या पायांनी परतणं नाही, हेही. त्याला आनंदच झाला होता, अगदी मनापासून.

कमरजहां पायाशी बसली. तिनं कागद त्याच्या तळव्याला लावला, नीट जुळवला आणि हरखून हसली.

"बघा, आता कसा बरोब्बर बसला. केसभरसुद्धा बाहेर नाही. हलू नका हं."

शमशुद्दीन हलला नाही.