ओग्डनबाईंच्या पाट्या

"मिस्टर बॅरक्लफ, मिसेस ओग्डन यांच्या पाट्या तुम्हीच चोरता ना?"

चर्चच्या हॉलमध्ये उमेदवारांची सभा भरली होती. चहाच्या टाकीपाशी कप वाजत होते, ते वाजायचे थांबले. मागच्या रांगेत राफने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. "विचारलं की गं हिने!" तो सायमाच्या कानात कुजबुजला.

टिल्डा अ‍ॅकरॉइडच्या हातात माईक होता. पैजच लागली होती तशी! "तू? आणि बॅरक्लफला विचारणार? वर्गात हजेरी देतानासुद्धा तुझा आवाज फुटत नव्हता!" असं राफ म्हणाला होता. पण आवाज न फुटण्याची गोष्ट गेल्या वर्षीची. यंदा टिल्डा शाळेच्या वादविवादात पहिली आली होती, आणि तेव्हापासून तिला कुठेही गप्प बसवत नव्हतं.

बॅरक्लफ म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक आणि या निवडणुकीत ओग्डनबाईंचे प्रतिस्पर्धी. लालबुंद गाल, जाड मिशी, घोगरा आवाज. ते उठले, काहीतरी बोलू गेले आणि नुसतेच खोकले. कोणीतरी हसलं. मग अख्खा हॉल हसला!

सभा संपल्यावर ओग्डनबाईंनी टिल्डाला मिठीच मारली. "शाब्बास, पोरी! माझ्या तोंडून निघालं नसतं बघ!"

ओग्डनबाई पूर्वी क्रॅगली गावाच्या जुन्या पोहण्याच्या तलावावर पोहायला शिकवायच्या. टिल्डा, राफ, सायमा, तिघांनाही पाण्यात पहिल्यांदा ढकललं ते त्यांनीच. कौन्सिल तो तलाव बंद करणार म्हटल्यावर बाई कुठल्याच पक्षाशिवाय निवडणुकीला उभ्या राहिल्या. लोकांनी आपापल्या घरापुढच्या बागेत त्यांच्या पाट्या रोवल्या. काठीवर ठोकलेलं प्लॅस्टिक आणि त्यावर बाईंचा हसरा फोटो. आणि ईस्टरची सुट्टी लागल्यापासून त्या पाट्या रोज सकाळी गायब होत होत्या!

"पण चोरलेल्या पाट्या ते ठेवतात तरी कुठे?" घरी जाताना सायमाने विचारलं.

"पुरावा लागेल," टिल्डा ऐटीत म्हणाली. "सापळा लावू!"

"मला निवडणुकीचाच कंटाळा आलाय," राफ कुरकुरला. "फेब्रुवारीत झाली ना आत्ताच?"

"ती पोटनिवडणूक होती, ढब्बू! एक नगरसेवक राजीनामा देऊन स्पेनला गेला म्हणून. मिसेस ओग्डन तेव्हा हरल्या. आता मे महिन्यात दुसऱ्या जागेसाठी आहे. वॉर्डात तीन नगरसेवक आणि तिघांची वर्षं वेगवेगळी, एवढं कळत नाही तुला?"

"कुणालाच कळत नाही," राफ म्हणाला. "माझी आजी तर अजून फेब्रुवारीतच आहे."

सापळा सायमाचा. तिच्याकडे ईदच्या कार्डांसाठी आणलेली सोनेरी चमकी होती. "ही एकदा हाताला लागली ना, की पुढच्या ईदपर्यंत जात नाही. अब्बूंच्या दाढीत अजून आहे!" राफने आजीची वॅसलिनची बरणी पळवली. मिल लेनवर उरलेल्या पाट्यांच्या पाठीला तिघांनी वॅसलिन फासलं आणि वरून चमकी शिंपडली.

संध्याकाळी मासे-चिप्सच्या दुकानात रांग होती. बॅरक्लफ आत आले आणि बोलणं बंद झालं. मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "पाट्या सांभाळा रे!" खीखी झाली. दुकानदारीणबाई त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "मासा संपला." काचेमागे ताजा तळलेला मासा ढीगभर दिसत होता. बॅरक्लफ मान खाली घालून बाहेर पडले.

टिल्डाही हसली. चांगली खळखळून हसली.

दुसऱ्या दिवशी मिल लेनवर एकही पाटी नव्हती! तिघं धावतच बॅरक्लफांच्या घरी गेली. नगरसेवक शिडीवर उभं राहून खिडकी पुसत होते. काचेवर अंड्याचा बलक वाळून चिकटला होता. कोणीतरी रात्री अंडी मारली होती.

"या, मिस अ‍ॅकरॉइड. आणखी एक प्रश्न आहे वाटतं?"

"तुमचे... तुमचे हात बघायचेत."

ते खाली उतरले आणि दोन्ही हात पुढे केले. साबणाचा फेस. चमकीचा एक कणसुद्धा नाही! नखांत नाही, बाहीवर नाही, मिशीतही नाही.

"पाट्या मी घेतल्या नाहीत, पोरी," ते शांतपणे म्हणाले. "तलाव बंद करायच्या बाजूने मात्र मी हात वर केला होता. ते तू विचारलं असतंस तर मला घाम फुटला असता. हे काय विचारलंस!" त्यांनी फडकं पिळलं. "माझी बायको बेकरीत जायची बंद झालीय. लोक बघतात म्हणे."

तिघं परत निघाली. "हातमोजे घातले असतील त्यांनी," राफ पुटपुटला, पण त्याचा त्यालाच ते पटलं नाही.

टिल्डा घरी पोचली तेव्हा तिची आई, मम, टेबलावर चीज-कांद्याची पेस्ट्री वाढत होती. डॅड बसची पहाटेची पाळी संपवून नुकताच आला होता. "ये गं, पुढारीणबाई!" तो हसला आणि त्याने कपाळावरचा घाम पुसला.

त्याच्या भुवया लखलखल्या.

सोनेरी!

टिल्डा त्याच्याकडे निरखून बघू लागली. कानात चमकी. मनगटावर चमकी. खुर्चीवर टाकलेल्या टोपीवर तर नुसता चमकीचा सडा!

"डॅड... तू सकाळी कुठे होतास?"

"डेपोत. का गं?"

"त्याआधी?"

"त्याआधी? वाफ्यावर पाट्या टाकल्या आणि गेलो."

टेकडीमागे कौन्सिलचे भाजीचे वाफे होते. त्यातला एक डॅडने भाड्याने घेतला होता. टिल्डा ताट तसंच टाकून तिकडे धावत सुटली. कुंपणापाशी पोचली आणि तिथेच थिजली. कबुतरांच्या खुराड्याच्या छपरावरून ओग्डनबाई हसत होत्या. घेवड्याच्या वाफ्याभोवती वाऱ्याला आडोसा म्हणून ओग्डनबाई. कंपोस्टच्या ढिगावर उलट्या ओग्डनबाई! शेजारच्या म्हाताऱ्या आर्थरच्या काचघराला फुटक्या काचेच्या जागीही त्याच!

डॅड धापा टाकत मागून आला. पाठोपाठ मम.

"अगं, झालं काय? निवडणूक संपली की पाट्या वाफेवाल्यांच्या, हे तर माझ्या आजोबांपासून चालत आलंय! दर वर्षी नेतो आम्ही. फुकटचं छप्पर!"

"निवडणूक संपलेली नाही, डॅड! मे महिन्यात आहे!"

"फेब्रुवारीत झाली की! मीच मत दिलं. बॅरक्लफनं चोरल्या त्या तेव्हाच्याच पाट्या, असं वाटलं मला. पाटी तीच, फोटो तोच..."

"त्यांनी जुन्याच पाट्या पुन्हा लावल्यात. नव्या छापायला पैसे कुठायत त्यांच्याकडे?"

 डॅड मटकन बादलीवर बसला. "म्हणजे त्या बॅरक्लफच्या नावाने सगळे जे बोलतायत... ते मी?"

"नाही," टिल्डा म्हणाली. तिचा चेहरा पेटल्यासारखा तापला होता. "ते मी."

चिप्सच्या दुकानातलं स्वतःचं हसू तिला पुन्हा ऐकू आलं. मान खाली घालून बाहेर पडणारी ती रुंद पाठ दिसली. माईक हातात आल्यावर किती मजा वाटली होती! एका प्रश्नावर टाळ्या, एका प्रश्नावर मिठी. आणि प्रश्न खरा आहे का, हे एकदाही तपासावंसं वाटलं नाही. आधी वार केला आणि पुरावा मग शोधत बसली.

"हे बघ," डॅड घाईघाईने म्हणाला, "उद्या पहाटे मी सगळ्या पाट्या जागच्या जागी ठोकतो. कोणाला पत्ता लागणार नाही."

मम ओठ चावत होती. "आणि तू आत्ता काही बोललीस तर मिसेस ओग्डनचं काय होईल? लोक म्हणतील, तिच्याच माणसांनी केला हा बनाव. तलाव गेला तर?"

टिल्डाच्या डोळ्यांसमोर तलावाच्या निळ्या फरशा आल्या. क्लोरीनचा वास आला. काठावर गुडघ्यांवर बसून "सोड हात, मी आहे!" म्हणणाऱ्या ओग्डनबाई आल्या.  पण छपरावरून त्याच बाई तिच्याकडे बघून हसत होत्या, आणि आज त्या हसण्याकडे तिला बघवेना.

तिने डोळे पुसले. काल हाताला लागलेली चमकी आता तिच्याही गालावर आली.

"मिसेस ओग्डनना मी आत्ता जाऊन सांगते. त्यांना माझ्याच तोंडून कळलं पाहिजे," ती म्हणाली. "आणि उद्या संध्याकाळी हॉलमध्ये शेवटची सभा आहे. मी तिथे जाणार, त्याच माईकसमोर. आधी मिस्टर बॅरक्लफांची माफी मागणार, सगळ्यांसमोर, अगदी मोठ्याने. त्या दिवशी बोलले होते त्याहून मोठ्याने. आणि मग त्यांना तलावाचं विचारणार. तोच प्रश्न आधी विचारायला हवा होता."

"आणि माझं नाव?" डॅडने दबक्या आवाजात विचारलं.

"तुझं नाव मी घेणार नाही, डॅड. ते तुझं तू बघ. पण मी उभी राहीन तेव्हा तू पहिल्या रांगेत बस. आणि तोवर त्या भुवया धुऊ नकोस."