अंगठा सोडून चार बोटं

त्या श्रावणात उंब्रजच्या स्टँडवर असा पाऊस लागला होता, की बनुबाईच्या टपरीवर अर्धा कप चहा घेतलेला माणूस पूर्ण कप पिऊन उठायचा. अशा पावसात सांगलीहून साताऱ्याला निघालेली एसटी पंक्चर झाली आणि चाळीस माणसं दिसेल त्या आडोशाला पांगली. त्यातला एक, उंच, चष्म्यावरून पागोळ्या गळणारा, नेमका विशाखाच्या एसटीडी-झेरॉक्सच्या दुकानात शिरला.

"झेरॉक्स मिळेल?"

"कागद द्या."

"कागद नाही… हात आहे."

विशाखानं मान वर केली, पण पाहिलं ते हाताकडेच. माणसाच्या डोळ्यांत बघायला तिला लहानपणापासून जड जायचं. हात धडधाकट होता. बोटं पाच होती. बोटात अंगठी नव्हती, हेही तिनं नोंदवून घेतलं. संशय घेण्याची विद्या तिच्या घरात वडिलांनी, आण्णांनी, फौजेतून आणली होती. माजी सैनिक म्हणून त्यांना हे दुकान मिळालं, आणि सुटे पैसे देताना गिऱ्हाइकांशी भांडण व्हायला लागल्यावर खुर्चीवर विशाखा बसली.

"हाताची झेरॉक्स कशाला पायजे?"

"मोजायचाय."

"मग तसाच मोजा की. तुमच्याच अंगाला हाय."

तो हसला. हात काचेवर पसरून शेजारी स्टीलची पट्टी ठेवली. "डोळे मिटा," ती म्हणाली, कारण झाकण उघडं ठेवून काढायची होती. त्यानं मिटले. हिरवा उजेड त्याच्या ओल्या चेहऱ्यावरून सरकत गेला, आणि समोरच्याचे डोळे मिटलेले असले की माणसाकडं किती निवांत बघता येतं, हे विशाखाला सव्विसाव्या वर्षी कळलं.

कागद बाहेर आला. त्यानं छापलेल्या पट्टीवर खरी पट्टी ठेवली आणि खूश झाला. "सांगलीपासून सात मशीनं बघितली. कुठलं हात लांब करतं, कुठलं आखूड. तुमचं एकटंच खरं सांगतंय."

"मी दिवसातनं दोनदा काच पुसते."

"ते… दिसतंय," तो म्हणाला. म्हणताना काचेकडं बघत नव्हता.

हेही तिनं नोंदवून घेतलं. संशयास्पद.

त्याचं नाव महेंद्र. गाव जतकडचं, काम सांगलीच्या एका कॉलेजात, एका सरांच्या हाताखाली. दोनशे बायकांच्या हातांच्या झेरॉक्स हव्या होत्या. दर बाजारच्या दिवशी येतो म्हणाला, आणि आला.

पण हात देणार कोण? कोंडीबा नावाचा एक म्हातारा स्टँडच्या पारावर बसायचा. त्याला बातमी ऐकावी लागत नसे, नुसता वास यायचा. त्यानं पहिल्याच बाजारी जाहीर केलं, "आरं गड्या, हाताची झेरॉक्स म्हंजी अंगठा आलाच की! उद्या सातबारावर उमटला म्हंजी? जिमीन गेली सांगलीला!"

झालं. दुपारपर्यंत साऱ्या बाजारातल्या बायका हात पदराखाली घेऊन हिंडू लागल्या. बनुबाईनं तर चहा कोपरानं पुढं सरकवला. कुणी म्हणे, मसूरच्या एका बाईचा हात झेरॉक्सला गेला आणि संध्याकाळी तिच्या उसात तलाठी उभा होता. सहा बायका दुकानाच्या पायरीवर येऊन ठाकल्या.

"आवं, तुमी आंगठा घेणार का न्हाई, तेवढं सांगा."

महेंद्र चष्मा पुसत बसला. मग विशाखानंच त्याला विचारलं, "तुमाला अंगठा लागतो?"

"नाही. तर्जनी आणि अंगठीचं बोट. बास."

तिनं काच पुसायच्या फडक्याच्या चिंध्या फाडल्या आणि बनुबाईचा अंगठा भाजल्यासारखा गुंडाळून टाकला. "आता द्या हात. चार बोटांवर जमीन जात न्हाई."

पायरीवर पाच मिनिटं कुजबुज झाली. मग बनुबाईनं हात दिला, आणि तिच्यामागं रांग लागली ती गटाराच्या पुलापर्यंत. ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं त्याही आल्या. एक तर सासूचा हात धरून घेऊन आली.

महेंद्र पुढं बाजारच्या दिवशी पहिल्या गाडीनं यायचा आणि शेवटच्या गाडीनं जायचा. मध्ये पाऊस. मध्ये चहा.

"तुमी सांगलीत मशीन घेऊन का बसत न्हाई?"

"सांगलीत फडकं बांधणारं कुणी नाही."

"पगारी माणूस ठेवा."

"पगारी माणूस असं… खाली बघून हसत नाही."

ती हसत नव्हती. निदान तिच्या मते नव्हती.

एकदा तिनं सरळच विचारलं, की बोटं मोजून मिळतं काय. त्यानं सांगितलं. बाळ आईच्या पोटात असताना त्याला जी हार्मोनं मिळतात, त्यावर म्हणे बोटांची लांबी ठरते. अंगठीचं बोट तर्जनीपेक्षा बरंच लांब असलं, तर पुरुषी हार्मोन जास्त मिळालं असावं, असं काहींना वाटतं. आणि त्याच्या सरांना वाटत होतं, की ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या बायकांत अशी बोटं जास्त सापडतील. "सगळे म्हणतात, ही मुलग्यांचीच गोष्ट. बायकांमध्ये कुणी शोधतच नाही."

विशाखानं हात काउंटरखाली घेतला. तिचं अंगठीचं बोट तर्जनीच्या पुढं चांगलं पेरभर… म्हणजे अर्धं पेर तरी… गेलेलं होतं.

हात देणाऱ्या बायकांकडून भरून घ्यायची त्याची एक प्रश्नावली होती, त्या संध्याकाळी तिच्या प्रती काढताना विशाखानं ती वाचली. गोंगाटाचा त्रास होतो का? समोरच्याच्या डोळ्यांत बघणं जड जातं का? एकच काम ठरल्या पद्धतीनं पुन्हा पुन्हा करायला आवडतं का? मनात येईल ते बोलून जाता, आणि लोक दुखावले हे नंतर कळतं का?

एवढे प्रश्न कागदावर कशाला छापायचे, तिचा फोटोच लावायचा. तिला बघायला आलेली तीन स्थळं अशीच गेली होती. एकाला तिनं तोंडावर सांगितलं होतं, की तुमी चहा पिताना फार आवाज करता. आत्या तिला विचित्र म्हणायची. पण आत्यानं कधी पट्टी लावली नव्हती.

म्हणजे हा माणूस बसायचा, चहा प्यायचा, तिच्याकडं बघायचा… ते हे होतं तर. नमुना सापडला होता त्याला.

पुढच्या बाजारी रांग संपल्यावर तिनं स्वतःहून हात काचेवर ठेवला. "माझा ऱ्हायला."

महेंद्रनं कागद घेतला. शेवटची गाडी येईपर्यंत तो पाठमोरा बसून मोजत राहिला. त्यानंतर तो दोन बाजार आलाच नाही. फाइलींचा एक गठ्ठा मात्र दुकानात राहिला होता, आणि बेशिस्त गठ्ठा विशाखाला बघवत नसे. तिनं नंबर लावले. एक ते दोनशे. सगळे हात होते. तिचा नव्हता. तो तळाशी सापडला, बिननंबरी, लाल पेन्सिलीनं फुली मारलेला. फुलीखाली तीन वेळा मोजून खोडलेली मापं, तिन्ही वेगळी.

दुसऱ्या दिवशी ती सांगलीच्या गाडीत चढली. हे वाचायला सोपं आहे. गाडीत दोन कोंबड्या, एक रडकं पोर आणि खिडकीचा खडखडाट होता, आणि गोंगाट तिच्या कानात सुया टोचल्यासारखा शिरायचा. कानात कापूस घालून, मांडीवरची फाइल दोन्ही हातांनी धरून ती सांगलीपर्यंत बसून राहिली. तिला एकच गोष्ट कळायला हवी होती. दुसरं काही नाही.

फाइलीवरच्या पत्त्यानं ती कॉलेजात पोचली, तेव्हा महेंद्र सरांच्या खोलीत एकटाच होता, मोठं रजिस्टर उघडून. तिला बघून उठला, आणि उठताना खुर्ची पाडली.

"मी आजारी आहे का?" तिनं टेबलावर कागद ठेवला. "फुली कशाची ही?"

"नाही हो… आजार नाही तो…"

"मग तशी आहे? बोटावरनं काय निघालं? खरं सांगा. गोड सांगू नका, मला गोड कळत न्हाई."

महेंद्रनं खुर्ची उचलली, पण बसला नाही. "एका माणसाच्या बोटावरून काहीच निघत नाही. दोनशे हात एकत्र केले तर जरासा कल दिसेल, असं सर म्हणतात. मला तर तोही अजून दिसला नाही."

"आणि प्रश्न? ते सगळे मलाच लागू होतात."

"होतात." त्यानं चष्मा काढला. "तुम्ही तशा असालही. तपासणारे डॉक्टर वेगळे असतात, मी नाही. पण असलात तर असलात, मला त्याचं काय वावडं हाय व्हय?" जतचं बोलणं असं त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निसटलं.

"मग फुली का?"

"तीनदा मोजलं. तीनदा वेगळं आलं. दोनशे हात मोजले, कधी पट्टी हलली नाही. तुमच्या हातावर… ठरतच नाही." त्यानं रजिस्टर तिच्याकडं वळवलं. "आमच्यात नियम आहे. संशोधन करणाऱ्याच्या नात्यातल्या माणसाचा हात धरायचा नाही. माप वाकडं येतं. म्हणून काढून टाकला."

विशाखानं डोळे बारीक केले. "मी तुमच्या नात्यात कुठाय?"

"तेच म्हणतो ना…" तो रजिस्टराकडं बघून बोलत होता. तिला जड जाऊ नये म्हणून, हे तिच्या ध्यानात आलं. "दोन बाजार आलो नाही, कारण सरांना काय कारण सांगू ते ठरत नव्हतं. आणि तुम्हाला काय विचारू, तेही."

तिनं ओळ वाचली. क्रमांक नाही. नाव: विशाखा. गाव: उंब्रज. शेवटचा रकाना: वगळण्याचे कारण. कोरा.

"हे कोरं ठेवलंय."

"तुम्हाला न विचारता कसं भरू?"

तिनं कानातला कापूस काढून नीट घडी केली. खिडकीबाहेर सांगलीची सगळी रिक्षा-सायकल आत येऊ बघत होती, ती येऊ दिली. मग तिनं त्याचं पेन घेतलं, झटकून पाहिलं, आणि रकान्याच्या रेघेला कुठंही न चिकटता, गोल अक्षरात लिहिलं: घरचे माणूस.

महेंद्रनं वाचलं. दोनदा वाचलं. "खाली… सही लागते."

"इथं न्हाई." तिनं पेनाला टोपण लावलं. "आण्णांसमोर करू. आणि यायच्या आधी चहा न वाजवता प्यायची सवय करा."